तीन चिमटी आवाज

एका राज्यात, जिथे डोंगरउतारावर जव पिकत आणि डोंगरमाथ्यावर सफरचंदे लागत, यवसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजा मनाने भला, पण मोठेपणाचा भारी हौशी. त्याला लहान ताट चालत नसे, लहान दार चालत नसे, आणि लहान आवाजात बोललेले तर मुळीच चालत नसे. त्याला एकच मुलगी, तिचे नाव प्रियंगू. राणी फार पूर्वीच निवर्तली होती, त्यामुळे बापलेकीला एकमेकांवाचून करमत नसे. रोज सकाळी राजा खालच्या चौकातूनच हाक मारी, "प्रियंगू, उठलीस का?" आणि त्या हाकेने तिच्याबरोबर अख्खे नगर उठे.

त्या राज्याची एक जुनी रीत होती. सुगी आटोपली की राजाने जवाच्या मदिरेचा एक घडा स्वतःच्या हाताने करायचा. घडा लहानच हवा, कडेवर घेता येईल एवढा. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भरडायचे, उकळून गाळायचे आणि आंबत ठेवायचे, सारे राजानेच. घडा तयार झाला की धुक्याच्या डोंगरावरून धूम्रकेश नावाचा मांत्रिक उतरून येई. पहिला प्याला तो घेई आणि भर दरबारात विचारी, "हा घडा कोणाच्या हातचा?"

"माझ्या हातचा," राजा म्हणे.

"ज्याच्या हातचा घडा, त्याच्या माथी मुकुट," मांत्रिक म्हणे. एवढे झाले की वर्षभर राज्यात पीठ फुगे, दुधाला विरजण लागे, घरोघरी बुधल्यांत रस फसफसे, आणि भांडलेली माणसे एका प्याल्यावर समेट करून घरी जात.

पण यवसेनाला त्या घड्याची लाज वाटू लागली. राजा कोण, आणि घडा केवढा! एका सुगीला त्याने हत्ती बुडेल एवढी कढई चुलाण्यावर चढवली, शेकडो सेवक कामाला जुंपले, आणि आपण लोडाला टेकून हुकूम सोडले. दरबार भरला. धूम्रकेशाने प्याला ओठांना लावला आणि विचारले, "हा घडा कोणाच्या हातचा?"

"माझ्या हातचा," राजा म्हणाला.

प्रियंगू शेजारीच उभी होती. तिला राहवेना. "बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही तर बाहीसुद्धा वर केली नाहीत."

हळूच म्हणाली खरी, पण शेवटच्या रांगेतल्या भालदाराच्याही कानावर गेले. कोणीतरी खुदकन हसले. राजा लालबुंद झाला आणि छत हादरेल असा गरजला, "तू माझी मुलगी नव्हेस!"

ते त्याचे शेवटचे वाक्य. मांत्रिकाने हात पुढे केला. राजाचा आवाज त्याच्या तोंडातून निघाला, मांत्रिकाच्या तळहातावर येऊन बसला आणि बघता बघता वाळून त्याची पिवळसर पूड झाली.

"घड्याचे खोटे मी पोटात घातले असते, राजा," धूम्रकेश म्हणाला. "लेकीचे नाही. आता तुझ्या राज्यात काही आंबणार नाही, काही फुगणार नाही, काही मुरणार नाही." एवढे बोलून तो धूर होऊन खिडकीतून गेला.

दुसऱ्या दिवसापासून राज्याची रया गेली. मळलेले पीठ दगडासारखे बसून राही. दुधाचे दही होईना, ते नुसतेच नासे. बुधल्यांतला रस गोड तो गोडच राही आणि मग एकदम सडे. माणसांचेही तेच. सोनार आणि कुंभार बांधावरून भांडले, समेटाचा प्याला मिळाला नाही, तेव्हा ते भांडण रोज सकाळी पहिल्या दिवसाइतकेच ताजे असे.

आणि राजा? तो सवयीप्रमाणे पहाट सरली की चौकात येई, मान वर करी, तोंड उघडी, आणि तसाच परत फिरे. प्रियंगू सज्ज्याच्या खांबाआड उभी राहून ते बघे. तिला पिठाचे दुःख नव्हते, दह्याचे नव्हते. बाबा आज ना उद्या म्हातारे होतील, जातील, आणि आपल्याजवळ त्यांचे शेवटचे वाक्य उरेल ते हे, याने तिच्या काळजाला घरे पडत. अखेर एका सकाळी तिने पायांत वहाणा चढवल्या आणि ती निघाली.

वेशीवरच्या पिंपळावर एक साळुंकी बसली होती. "राजकन्ये, कुठे निघालीस?" तिने विचारले.

"बाबांचा आवाज आणायला."

"फार मोठा होता तो. एकटीला उचलेल का?"

"वाळवलाय म्हणतात. हलका झाला असेल."

साळुंकीला हे उत्तर आवडले. "चल," ती म्हणाली, "मी त्या मांत्रिकाच्याच दारची. वाट दाखवते." आणि ती पुढे उडू लागली.

धुक्याच्या डोंगरावर सफरचंदांची बाग होती. मधोमध एक झाड, त्याला सोन्याची फळे. झाडाभोवती माणसे उभी होती, हात वर केलेली, तीही सोन्याची. त्यांच्या खांद्यांवर चिमण्यांनी घरटी केली होती.

"हे कोण?" प्रियंगूने विचारले.

"हात लावणारे," साळुंकी म्हणाली.

बागेच्या टोकाला झोपडी होती, आणि झोपडीच्या दारात धूम्रकेश वांगी चिरत बसला होता. प्रियंगूने नमस्कार केला. "माझ्या बाबांचा आवाज द्या."

"आवाज नाही, पूड आहे," तो म्हणाला. "ती जिवंत करावी लागेल. जमेल?"

"शिकवलेत तर जमेल."

मांत्रिक आत गेला आणि एक लाकडी पेटी घेऊन आला. पेटी लहान, काखेत मावेल एवढी. तिच्यात कडेवर घेता येईल असा काचेचा घडा, भोक पाडलेले झाकण, त्या भोकात बसणारी एक वाकडी नळी, पाण्याची वाटी, मोड आणून भरडलेल्या जवाच्या दोन थैल्या, कडू फुलांचा एक पुडा, आणि कोपऱ्यात पानात बांधलेल्या पिवळ्या पुडीच्या तीन चिमट्या.

"माझे सारे शिष्य या पेटीपासून सुरुवात करतात," तो म्हणाला. "उडणे, अदृश्य होणे, ते सगळे नंतर. तीन चिमट्या आहेत, म्हणून तीन खेपा. चौथी नाही. साळुंकी सांगेल ते ऐक." आणि तो पुन्हा वांग्यांकडे वळला.

साळुंकीने सांगितले, "जव उकळ, कडू फुले घाल, गाळ. मग कोमट होऊ दे. आपल्या मनगटाला सोसेल इतके कोमट. मगच चिमूट सोड."

प्रियंगूने तसे केले, पण कोमटाशी तिचे अडले. राजवाड्यात कोमट अन्न वाढणे म्हणजे पाहुण्याचा अपमान. तिथे ताटातून वाफ निघाली नाही तर आचाऱ्याची खैर नसे. बाबांचा आवाज, आणि तो कोमट पाण्यात सोडायचा? तिने वाफाळत्या रसातच पहिली चिमूट सोडली. घड्यातून एक बारीक किंकाळी आली आणि मग काहीच आले नाही. पूड मेली होती. प्रियंगू मटकन खाली बसली.

"रडून घे," साळुंकी म्हणाली, "आणि मग घडा घास."

तिने रडून घेतले, घडा घासला, दुसरी थैली उघडली. या खेपेला मनगटावर थेंब घेऊन बघितला, धीराने थांबली, आणि मग दुसरी चिमूट सोडली. झाकण लावले, नळीचे टोक वाटीतल्या पाण्यात बुडवले. "आतला श्वास बाहेर जाईल, बाहेरचे काही आत येणार नाही," साळुंकी म्हणाली. "झाकण मात्र उघडायचे नाही."

थोड्या वेळाने वाटीत बुडबुडा आला. मग दुसरा. प्रियंगूने टाळ्या वाजवल्या. पण इथेही राजघराण्याची सवय नडली. राजाच्या घरी विषाच्या भीतीने प्रत्येक भांड्याचे झाकण उचलून वास घेतल्याशिवाय पदार्थ पुढे जात नसे, आणि हे काम लहानपणापासून प्रियंगूचेच होते. हात आपोआप जाई. तिने सकाळी झाकण उचलले, दुपारी उचलले, संध्याकाळी जरासेच उचलले. मग एक चिलट आत शिरले. त्याच्या मागून आंबट भुते शिरली, नखाएवढी, हिरवी, घाणेरडी गाणी म्हणणारी. त्यांनी रसाचा शिरका करून टाकला आणि आवाजाची ती चिमूट त्यात विरघळून गेली.

आता उरली एकच चिमूट. आणि जव संपले होते.

"बागेत बघ," साळुंकी म्हणाली.

प्रियंगू सोन्याच्या झाडाखाली आली. एक फळ खाली वाकले आणि गोड आवाजात म्हणाले, "मला तोड. मी राजकन्येला शोभते. माझ्या एका थेंबात कढईभर मदिरा होईल, आणि तीही एका क्षणात." प्रियंगूचा हात वर गेला. मग तिला ती हत्ती बुडेल एवढी कढई आठवली आणि तिने हात मागे घेतला. झाडांखाली गवतात साधी सफरचंदे पडली होती, डागाळलेली, ठेचकाळलेली, पाखरांनी टोचलेली. ती तिने ओटीत गोळा केली.

"ते एक माझे आहे," साळुंकी म्हणाली. "अर्धे खाऊन ठेवले होते."

"अर्धे दे मग," प्रियंगू म्हणाली, आणि साळुंकीने दिले.

तिने फळे ठेचली, अंगावरच्या जरीच्या शेल्यातून पिळून रस काढला, घड्यात भरला, आणि श्वास रोखून शेवटची चिमूट सोडली. मग शेल्याची चिंधी फाडून झाकण करकचून बांधले आणि समोर मांडी ठोकून बसली.

घड्यात फेस चढला, तपकिरी, ओंगळ. नळी गुरगुरली. वाटीतून पहिला बुडबुडा फुटला आणि त्यातून बाबांचा आवाज आला, "तू माझी मुलगी नव्हेस!" दुसरा फुटला, त्यातूनही तेच. प्रियंगूने कानांवर हात ठेवले. किती तरी वेळ घडा तेच एक वाक्य उकळत राहिला, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत राहिले. पण तिने झाकणाला हात लावला नाही.

मग आवाज मऊ झाला. "प्रियंगू, उघड. मी आत गुदमरतोय. बाबाला बाहेर काढ."

तिचा हात गाठीवर गेला. प्रियंगूने गाठ चाचपली आणि हात मांडीवर परत ठेवला. "बाबा, जरा दम धरा," ती म्हणाली. "मीही धरते आहे."

दिवस उगवले, मावळले. घडा रागावला, आर्जवे करून झाली, मग जुन्या गोष्टी सांगू लागला. बुडबुडे विरळ झाले. एका सकाळी एकच आला, आणि त्यातून अगदी हळू हाक आली, "प्रियंगू, उठलीस का?"

"उठले, बाबा," ती म्हणाली. मग घडा गप्प झाला.

तो गप्पपणा तिला सगळ्यात जड गेला. आवाज मुरला की मेला, हे कसे कळावे? झाकण उघडले असते तर कळले असते. ती बसून राहिली. हळूहळू गढूळपणा खाली बसला, बुडाशी गाळाचा पिवळा थर जमला, आणि वरचा रस इतका नितळ झाला की त्यातून पलीकडची झाडे दिसू लागली. तेव्हा साळुंकी म्हणाली, "आता घे कडेवर."

प्रियंगू घडा कडेवर घेऊन नगरात आली. दरबार भरला. धूम्रकेश आधीच येऊन उभा होता. त्याने पहिला प्याला भरून एक घोट घेतला आणि उरलेला राजापुढे केला.

"पी. आवाज येईल. पण पहिले वाक्य जपून बोल. तेही खोटे निघाले, तर हा आवाज पुन्हा कोणालाच मिळणार नाही."

राजा प्यायला. जरा आंबट होते, जरा तुरटही. त्याचा कंठ हलला.

"हा घडा कोणाच्या हातचा?" मांत्रिकाने विचारले.

सारा दरबार रीत जाणत होता. ज्याच्या हातचा घडा, त्याच्या माथी मुकुट. राजाने मुकुटाला हात लावला. मग त्याने मुलीकडे पाहिले. तिच्या शेल्याच्या चिंध्या झाल्या होत्या आणि बोटे फळांच्या रसाने काळी पडली होती.

"माझ्या," राजा म्हणाला, आणि थांबला. म्हाताऱ्या प्रधानाने डोळे मिटून घेतले.

"माझ्या मुलीच्या हातचा," राजा म्हणाला.

त्याने मुकुट काढून तिच्या डोक्यावर ठेवला. तो तिच्या नाकापर्यंत खाली आला. त्याच क्षणी मुदपाकखान्यात पीठ फुगून परातीबाहेर सांडले, गावोगाव दुधाला विरजण लागले, तळघरांतले बुधले एका सुरात फसफसू लागले. सोनार कुंभाराच्या दारी गेला, आणि कुंभाराने त्याला बस म्हटले. डोंगरावरची सोन्याची माणसे मऊ झाली, खांद्यांवरची घरटी अलगद फांद्यांवर ठेवून खाली आली, आणि त्यांनी आधी काय विचारले असेल तर, "प्यायला काही आहे का?"

"हा मुकुट वर्षभर घालीन," प्रियंगू म्हणाली. "पुढच्या सुगीला घडा तुमचा. पेटी मी आणली आहे."

पुढच्या सुगीला राजा यवसेन बाह्या वर करून त्या लहान पेटीसमोर बसला. "आता उघडू का?" तो दर घटकेला विचारी. "नाही, बाबा," प्रियंगू म्हणे, आणि खिडकीतून साळुंकी हसे.

दोन चिमट्या वाया गेल्या त्या गेल्याच. राजाला एकच चिमूटभर आवाज उरला होता. दरबाराला त्या मोठ्या आवाजाची फारशी आठवण झाली नाही. मात्र चौकातून मारलेली हाक आता सज्ज्यापर्यंत पोचत नसे. म्हणून रोज सकाळी राजा जिने चढून वर येई, धापा टाकत लेकीच्या दाराशी थांबे, आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल असे विचारी, "प्रियंगू, उठलीस का?"

फेस बसला, गाळ तळाशी राहिला, वरचे नितळ ते तुमच्या प्याल्यात ओतले. ही कहाणी इथे पुरी झाली.