नदीची वाट कुणाची?

फार फार जुनी गोष्ट, बरं का! आफ्रिकेतल्या एका देशात राजा वारला. त्याला ना मूल, ना भाऊ. आजवर राजाच्या तोंडून निघेल तोच कायदा. आता लोक म्हणाले, "नवा राजा नको. सगळ्यांना मान्य होतील असे नियम करू आणि त्यांप्रमाणेच वागू."

तिथे शेतकरी होते आणि गुराखी होते, आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता. मोठ्या गोरखचिंचेखाली सभा भरली. ओलुबा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला सगळ्यांनी नियम मांडायला मध्ये बसवलं. बिचाऱ्याच्या जिवाला घोर! त्याची एकुलती एक लेक गुराख्यांत दिलेली. एकमत झालं नाही, तर देशाचे दोन तुकडे होणार आणि लेक न्‌ नात कायमची पलीकडे राहणार.

म्हणून त्याला घाई. तो एकेक नियम सांगायचा, लोक माना डोलवायचे. शेवटचा नियम आला, "नदीची वाट कुणी अडवायची नाही."

"मान्य!" सगळे म्हणाले. नियम पक्के झाल्याचा ढोल वाजवायला ओलुबाने हात उचलला.

"थांबा व्याहीबुवा!" लेकीची सासू, नासेरा, उठून उभी राहिली. "वाट म्हणजे कुणाची वाट?"

"माणसांची. आणखी कुणाची?"

"अगंबाई! आम्ही तर गुरांची समजलो."

झालं! एकच गलका उठला. "गुरं काय आमच्या पिकातून नेणार?" शेतकरी ओरडले. गुराखी काठ्या उचलून निघालेच. ओलुबाला विहिणीचा असा राग आला म्हणता! होत आलेलं काम बाईने मोडलं. पण मग त्याच्या मनात आलं, आत्ता ढोल वाजला असता तर हेच भांडण नदीवर झालं असतं, आणि तिथे डोकी फुटली असती.

"बसा रे बाबांनो," तो म्हणाला. "आता ज्याने त्याने समोरच्याची बाजू सांगायची, समोरचा 'बरोबर' म्हणेपर्यंत. मीच सुरुवात करतो. गुरांना तहान लागते, म्हणून..."

"चूक," नासेरा म्हणाली. "गाय तहानली की दूध आटतं. मग पोरांनी काय प्यायचं?"

ओलुबाला नात आठवली. तो म्हणाला, "वाट अडली, तर तुमची... आपली लेकरं उपाशी राहतील."

"बरोबर. आता मी सांगते. एक कळप शेतात शिरला, की वर्षाची ज्वारी मातीत जाते. तुमच्या घरात चूल पेटत नाही."

"बरोबर," शेतकरी पुटपुटले.

मग ठरलं. शेतांना कुंपण घालायचं, दोन कुंपणांच्या मधून गुरांसाठी रुंद वाट सोडायची, आणि गुराख्यांनी गुरं सांभाळून न्यायची. तेव्हा कुठे ढोल वाजला.

पुढे मोठा दुष्काळ पडला. गुरं त्याच वाटेने पाण्यावर गेली, उरल्यासुरल्या पिकाचं एक कणीस मोडलं नाही. एका सकाळी त्याच वाटेने लेक आली, कडेवर नात, डोक्यावर दुधाने भरलेला भोपळ्याचा तुंबा. मागून नासेरा. ओलुबाचे डोळे भरून आले.

"विहीणबाई, त्या दिवशी तुम्ही माझा हात थांबवलात. तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

"उपकार राहू द्या," नासेरा हसली. "भाकरी आहे का घरात? पहाटेपासून चालतेय मी!"

तर लहानथोरांनो, दुसऱ्याची अडचण ज्याला आपल्या तोंडाने नीट सांगता येते, त्यालाच सगळ्यांसाठी नियम करता येतो.