डावीकडची वाट

फार पूर्वी, जिथे उन्हाळ्यातही बर्फ हटत नसे अशा एका उंच डोंगररांगेच्या पायथ्याशी एक म्हातारा मेंढपाळ राहत होता. त्या रांगेत सहसा कुणी जात नसे. आधी करवतीसारखा काळा कडा, मग गोठलेले तळे, त्यावर बर्फाची लांब चढण आणि शेवटी दोन शिखरांमधली अरुंद खिंड. खिंडीपलीकडे कुरण होते.

तरुणपणी म्हातारा वडिलांबरोबर दर उन्हाळ्यात ती खिंड ओलांडायचा. पुढे वडील गेले, गावाजवळच चारा मिळू लागला आणि वाट मोडली. म्हाताऱ्याच्या तोंडी मात्र ती रोज असे. तळ्याशी कसे थांबायचे, चढणीवर डावीकडे कुठे वळायचे, तिथे वडील कशी शीळ घालायचे, हे तो इतक्या मायेने सांगायचा की ऐकणाऱ्याला आपल्याच पायाखाली बर्फ असल्यासारखे वाटे.

एका वर्षी गावाजवळचे गवत वाळून गेले. मेंढरांची हाडे दिसू लागली. मेंढरे गेली तर गाव जगणार नव्हते. सगळ्यांनी आपापले कळप म्हाताऱ्याच्या स्वाधीन केले. बरोबर त्याची सून आणि चार गडी निघाले.

कडा तोच होता, तळे तेच होते. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. चढणीवर तो सरळ डावीकडे वळला.

सून थांबली. “मामंजी, इकडचा बर्फ निळसर दिसतोय. आधी कान लावून बघा ना.”

अनोळखी बर्फावर पाय ठेवण्याआधी कान टेकायची त्या मुलखाची रीत होती. खालून पाणी वाहत असेल तर ऐकू येई. पण म्हातारा चिडला. “तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून मी इथून जातोय. आपल्याच घरात शिरताना कुणी उंबऱ्याला कान लावतं का?”

गडी हसले. सून मात्र जागची हलली नाही. तिच्यामागे कळपही थांबला.

तिची समजूत काढायची म्हणून म्हातारा वाकला. कान टेकला आणि बराच वेळ उठला नाही. खाली पाणी खळखळत होते. तो ‘काही नाही’ म्हणाला असता, तर सगळे त्याच्या मागे गेले असते.

तो उठला. “ही वाट माझ्या वेळची. आताची मला माहीत नाही. सूनबाई, तू पुढे हो.”

उजवीकडच्या खडकांतून जायला दोन दिवस जास्त लागले. दोन कोकरे दगावली. खिंडीत पोहोचून त्यांनी मागे पाहिले, तर डावीकडची सगळी चढण खचून तिथे खोल निळी भेग पडली होती. पलीकडे कुरण हिरवेगार होते.

त्या उन्हाळ्यानंतर गावाला वाट सून सांगू लागली. म्हातारा शेजारी बसून ऐकायचा, मान डोलवायचा. सांगता सांगता ती चढणीवर उजवीकडे वळली, की त्याची नजर मात्र क्षणभर डावीकडे जायची.

तात्पर्य: जुनी वाट मनात जरूर जपावी, पाऊल टाकताना मात्र आज पायाखाली काय आहे ते बघावे.