न दुखणारी जखम

एका राज्यात अग्नीला तूप देत, पाणी कधी दाखवीत नसत. चुलीतला विस्तव राखेखाली झाकीत, पण त्यावर पाण्याचा थेंब पडू देत नसत. आणि कुणाला भाजलेच, तर भाजल्या जागी बोटभर तूप थापून हात जोडीत. घरी आलेला देव आहे, त्याला नैवेद्य दाखवावा, हाकलू नये, असा तिथला नियम होता. नियम जुना होता म्हणून तो खराच असणार, असे लहानथोर सगळे धरून चालत.

त्या राज्यावर शाप होता. राजा भद्रकेतूच्या वडिलांनी उल्कामुख नावाच्या मांत्रिकाचा सोन्याचा हंडा कपटाने आणला होता. मांत्रिक रडला नाही, भांडला नाही. राजवाड्याच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "सोने ठेवा. दर साल सूर्य मकरेत जाईल त्या दिवशी या हंड्यातून तीन निखारे उडतील आणि तुमच्या तीन माणसांना भाजतील. तिघेही एकेचाळीस दिवस जगले, तर हंडा थंड होईल. एक जरी गेला, तर पुढच्या साली पुन्हा." एवढे बोलून तो धूर होऊन गेला. हंडा नदीत टाकला, तो दुसऱ्या सकाळी देवडीवर परत आला. डोंगरात पुरला, तरी आला.

सात वर्षे झाली. दर साल तिघे भाजत, दोघे उठत, एक जाई. आणि जाई तो नेमका ज्याने पहिल्या दिवशी हूं की चूं केले नव्हते तो. पहिल्या दिवशी लोक त्याच्या नावाने साखर वाटीत. अग्नीने याला चटकासुद्धा लागू दिला नाही, केवढा पुण्यवान, म्हणून त्याच्या पाया पडत. तो मेला की तेच लोक म्हणत, याचे काहीतरी पाप होते, देवाला ते मागाहून कळले. मग त्याचे घर वाळीत पडे. लोकांची जीभच ती, तिला हाड नसते.

सातवे घर कुमुदवतीचे होते. तिचा नवरा सोमदत्त राजवैद्य होता आणि ती त्याच्या बरोबरीने औषधे कुटणारी, जखमा बांधणारी, हाताला गुण असलेली बाई होती. मागल्या साली निखारा सोमदत्ताच्या पाठीवर पडला. तो हसून म्हणाला, मला काही दुखत नाही, तू त्या दोघांकडे जा. ती गेली. जाताना शेजारणीच्या हातावर तिने स्वतः साखर ठेवली. नवव्या दिवशी सोमदत्त तापाने गेला. त्यानंतर वर्षभर कुमुदवतीच्या उंबऱ्याला कुणाचा पाय लागला नाही. तिला त्याचेही फारसे वाटले नाही. तिच्या डोक्यात दुसरेच घोळत होते. पाठीचा तो भाग पांढराफटक होता, हाताला कातड्याच्या वाहाणेसारखा लागला होता, हे तिने पाहिले होते आणि पाहूनही ती उठून गेली होती. बाकीच्या सहा घरांत जाऊन तिने एकेकाला विचारले. सगळ्यांनी तेच सांगितले: पांढरे, कोरडे, कडक, आणि दुखत नव्हते.

आठव्या साली सूर्य मकरेत गेला. सकाळी एक साळुंकी कुमुदवतीच्या खिडकीत येऊन बसली. त्या राज्यात साळुंक्या बोलत, पण कामापुरतेच बोलत. ती म्हणाली, "तीन निखारे पडले. एक राजकन्येवर, एक आचाऱ्यावर, एक राजावर."

"कोण ओरडते आहे?" कुमुदवतीने विचारले.

"राजकन्या सर्वांत मोठ्याने. आचारी तिच्या खालोखाल. राजा हसतो आहे."

कुमुदवतीने औषधांची पेटी उचलली आणि वाळीत पडलेल्या बाईने जाऊ नये तिथे ती गेली.

दरबारात पाहावे तर राज्यातले सहाही वैद्य राजकन्या रूपकळेभोवती गोळा झालेले. ती बिचारी हातपाय आपटून रडत होती. कोपऱ्यात गोंदा आचारी दंड धरून कण्हत बसला होता. सिंहासनावर राजा भद्रकेतू ताठ बसला होता. त्याचा डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला होता, त्यावर तुपाचा लेप होता, आणि प्रधान त्याच्या नावाने साखरेची परात फिरवीत होता. त्या राज्यात जो जास्त ओरडेल त्याच्याकडे वैद्य आधी जात. ज्याचे जळते त्यालाच कळते, असे त्यांचे म्हणणे. पण उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण त्यांनाही ठाऊक होती. ती कुठे लावायची एवढेच कुणाला सुचले नव्हते.

कुमुदवती आधी राजकन्येपाशी थांबली. गालावर आणि मानेवर कातडे लाल झाले होते, कोरडे होते, फोड नव्हता. तिने बोटाने हलके दाबले. जागा पांढरी झाली, बोट उचलताच पुन्हा लाल झाली. मग ती गोंदाकडे गेली. त्याच्या दंडावर पाणी भरलेले टपोरे फोड होते, एक फुटला होता आणि खालचे मांस गुलाबी, ओलसर होते. तिथे नुसता वारा लागला तरी तो कळवळे. दोघांपाशी उभ्या असलेल्या दासदासींना तिने सांगितले की स्वच्छ गार पाण्याची धार धरा, एक घटका सोडू नका, आणि फोडांना नख लावाल तर माझ्याशी गाठ आहे. पाण्याचे नाव काढताच दरबारात कुजबुज उठली. तिने मागे वळून पाहिले नाही.

ती सिंहासनापुढे गेली. तुपाखालचा हात पांढरा होता, मधेमधे तपकिरी, चामड्यासारखा. तिने दाबले. रंग हलला नाही. तिने मनगटावरचा एक केस चिमटीत धरून ओढला. तो अलगद निघून आला आणि राजाला कळलेही नाही.

"महाराज, दुखतं?"

"मुळीच नाही."

"तर मग तिघांत तुमची जखम सर्वांत खोल आहे. राजकन्येचं वरवरचं कातडं पोळलं आहे, म्हणून ती रडते. गोंदाचं त्याखालपर्यंत गेलं आहे. तुमचं सगळं कातडं मेलं आहे, आणि दुखणं कळवणाऱ्या शिरा त्याच्याबरोबर मेल्या आहेत."

प्रधान म्हणाला की ही पापी घरातली बाई अपशकुन बोलते, हिला बाहेर काढा. राजाने हात वर करून त्याला थांबवले आणि काय करायचे ते विचारले.

"तीन गोष्टी, आणि तिन्ही आत्ता," कुमुदवती म्हणाली. "तूप पुसून या हातावर पाण्याची धार धरायची. हातातलं राजकडं काढायचं. आणि सिंहासनावरून उतरून रोग्यासारखं निजायचं."

तिन्ही गोष्टी त्या राज्यात कधी झाल्या नव्हत्या. पाणी घालणे म्हणजे अग्नीचा अपमान. राजकडे तर राजाच्या प्रेतावरूनच उतरवीत. प्रधान कडाडला, "महाराज गेले तर?"

"माझं डोकं उडवा. पण आज माझं ऐका." "मागल्या साली माझे यजमान म्हणाले, मला दुखत नाही. मी विश्वास ठेवला. वैद्याची बायको असून मी साखर वाटली, महाराज. तो माणूस मी माझ्या हाताने घालवला."

राजा सिंहासनावरून उतरला आणि त्याने हात पुढे केला.

कडे निघता निघता नाकी नऊ आले, कारण मनगट सुजू लागले होते. अजून एखादी घटका गेली असती, तर त्याच कड्याने बोटांचे रक्त बंद केले असते. हातावर घटकाभर पाणी धरले. अंगाला हुडहुडी भरू नये म्हणून राजाला घोंगडी पांघरली. उकळून वाळवलेले कापड हातावर सैल गुंडाळले, हात उशीवर उंच ठेवला. आणि घोटघोट पाणी, त्यात चिमूट मीठ आणि गुळाचा खडा, असे दिवसभर पाजले. भाजलेल्या अंगातून पाणी झिरपून जाते, हे तिला ठाऊक होते. राजाला लघवी किती झाली हेसुद्धा ती विचारी. प्रधानाला हे अगदी असह्य होई.

राजकन्येला कोरफडीचा गर लावला, आणि आठवड्याच्या आत ती झोपाळ्यावर बसून गाऊ लागली. गोंदाचे फोड तिने फोडू दिले नाहीत. स्वच्छ कापडाखाली ते आपोआप बसले आणि तिसऱ्या आठवड्यात खालून नवे कातडे आले. राजाची जखम मात्र आपोआप भरणारी नव्हती. सहाव्या दिवशी तिने गुंगीचे औषध देऊन मेलेले कातडे काढले. राजाच्याच मांडीवरचे कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ कातडे सोलून तिने ते हातावर बसवले. दुसऱ्या कुणाचे चालत नाही, शरीर ते परके म्हणून टाकून देते, हे तिने प्रधानाला समजावले, कारण तो स्वामिनिष्ठेने आपली मांडी घेऊन पुढे आला होता.

नवव्या दिवशी दुपारी राजाला ताप चढला.

सोमदत्त गेला तोही नववाच दिवस होता. बाहेर चौकात लोक जमले, पाण्याचा कोप झाला म्हणू लागले, आणि मारेकरी परशू पाजळून बसला. कुमुदवती मात्र पट्टी सोडून पाहू लागली. एका कडेला पू धरला होता. तिने उकळून निववलेल्या पाण्याने जखम धुतली, मधाची पट्टी बांधली, सकाळ-संध्याकाळ पट्टी बदलली, आणि दर खेपेला आपले हात कोपरापर्यंत धुतले. तीन दिवस ती राजाच्या उशाशी बसून होती. तिने देवाजवळ काहीही मागितले नाही. मागल्या साली मागितले होते. बाराव्या दिवशी ताप उतरला आणि मांडीचे कातडे हातावर धरले. तिच्या जिवात जीव आला.

एकेचाळिसाव्या दिवशी साळुंकी दरबारात आली. राजकन्या, आचारी, राजा, तिघांना तिने एकेक करून पाहिले आणि म्हणाली, "तिघे जिवंत आहेत." देवडीवरचा हंडा त्या क्षणी थंड झाला. राजाने तो उल्कामुखाच्या ओसाड मठीत पोचवला, आणि या खेपेला तो परत आला नाही.

लोकांनी नगारे वाजवले, गुढ्या उभारल्या, कुमुदवतीला पालखीत बसवायला निघाले. ती घरी निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी राजा पायी निघाला. बरोबर दवंडीवाला घेतला. वाळीत पडलेल्या पहिल्या घरासमोर उभे राहून राजाने मेलेल्या माणसाचे नाव मोठ्याने घेतले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असे सांगितले, की याचे काही पाप नव्हते. याची जखम खोल होती आणि आम्हाला ती ओळखता आली नाही. दुसऱ्या घरासमोर तेच, तिसऱ्यासमोर तेच. एका घरातली म्हातारी आई हे ऐकून दारातच बसली आणि आपल्या मुलाचे नाव पुन्हा पुन्हा घेत राहिली. सहा वर्षांत तिने ते कुणासमोर उच्चारले नव्हते.

शेवटी तो कुमुदवतीच्या दारात आला. तिने मान खाली घातली होती.

"वैद्य सोमदत्त निर्दोष होते," राजा म्हणाला. मग दवंडीवाल्याला मागे सारून तो हलक्या आवाजात बोलला, "आणि वैद्यबाई, तुम्हीही. जे त्या दिवशी राज्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, ते तुम्हाला कुठून ठाऊक असणार?"

कुमुदवतीने वर्षभर डोळ्यांतून टिपूस काढले नव्हते, ती आता ढसाढसा रडू लागली. शेजारपाजारच्या बायका तिला सावरायला धावल्या. राजाने त्यांना अडवले आणि म्हणाला, "रडू द्या. दुखतं आहे, ते बरं लक्षण आहे."