न मोडलेल्या बेलाची कहाणी

ऐका बिल्वदेवा, तुमची कहाणी. हाती अक्षता धरा, मन ठिकाणी ठेवा, कहाणी पुरती झाल्यावाचून उठू नका.

आटपाट नगर होतं. त्या नगरात घर तिथे परस होतं, परस तिथे झाड होतं. कुणाच्या दारी आंबा, कुणाच्या दारी फणस, आणि बेल मात्र सर्वांच्या दारी. झाडं उदंड, ती छाटावी कशी, हे जाणणारी बाई एकच. तिचं नाव म्हाळसा. कमरेला कोयता, खांद्यावर करवत, हाती दोराचं वेटोळं, अशी ती घरोघर जाई आणि छाटणीवर पोट भरी. लोक तिला छाटणारीण म्हणत.

ही विद्या तिला सासूनं दिली. सासू अंथरुणाला खिळली, तेव्हा तिनं सुनेला जवळ बोलावलं. म्हणाली, "मुली, सोनंनाणं काही नाही, एक वसा आहे. घेशील का?"

"घेईन. पण काय करावं, ते आधी सांगा."

"विचारून घेतेस, तेव्हा टिकवशील. ऐक. कुणाच्या परसात गेलीस, की आल्या पावली हत्याराला हात घालू नये. झाडाला तीन फेरे घालावे. पहिल्या फेऱ्यात रोग पाहावा, दुसऱ्या फेऱ्यात घरटं पाहावं, तिसऱ्या फेऱ्यात राखायचं काय ते पाहावं. मग जी वाळली, जी दुसरीला घासते, तेवढीच फांदी उतरावी. जड फांदीला तीन घाव घालावे. पहिला खालून, थोडासा. म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून. म्हणजे भार उतरतो. तिसरा गळ्याशी. फांदी खोडाला मिळते, तिथे फुगीर वळी असते, तो गळा. गळा कापू नये, गळ्यापुढे खुंट ठेवू नये. जखमेवर शेण थापू नये, डांबर फासू नये. झाड आपली जखम आपण मिटवतं."

"आणि शेंडा?"

"शेंडा मारू नये. राजानं सांगितलं तरी मारू नये."

"या वशाचं फळ काय?"

सासू हसली. "पहिलं फळ हे, की लोक तुझ्यावर रागावतील. दुसरं उशिरा येतं."

मग सासू वारली. म्हाळसेनं वसा घेतला. उतली नाही, मातली नाही, घेतला वसा टाकला नाही. सासूनं लावलेला बेल तिच्या परसात होता, त्याची तिनं लेकरासारखी निगा राखली.

एके वर्षी काय झालं? राजाचं पोट बिघडलं. खाल्लेलं पचेना, पचलेलं अंगी लागेना, राजा दिवसेंदिवस झिजू लागला. राणीनं नवस केला : "महादेवा, श्रावणातल्या सोमवारी तुला बेलाची लाखोली वाहीन. एक लक्ष पानं मोजून वाहीन." मग पुरोहितानं नियम सांगितला, "मालकिणीनं आपल्या मुखानं दिलेलं पानच देवाला पोचतं. हिसकून आणलेलं पोचत नाही."

मग शिपाई निघाले. घरोघर गेले. बेलाला असतात काटे. एकेक पान खुडावं, तर बोटं रक्ताळतात. मग त्यांनी काय केलं? बांबूला आकडी बांधली, फांदीला अडकवली आणि ओढली. फांदी मोडली, तिच्यासंगं खोडाची साल हातभर सोलून खाली आली. असं एका परसात झालं, दुसऱ्या परसात झालं, राजवाड्याच्या बागेतही झालं. आणि नगरातल्या बाया? बाया हात जोडून दारात उभ्या राहिल्या. "न्या, न्या," म्हणाल्या. "देवाचं काम, नाही कसं म्हणावं?"

म्हाळसा वाण्याच्या परसात गेली. सोललेलं खोड पाहून तिला राहवेना. "काय केलंत हो हे, वाणीणबाई?"

"अगं, पुण्य दाराशी चालून आलं."

"आलं, आणि झाडाचा खांदा उपटून घेऊन गेलं."

"तुला मेलीला देवधर्म ठाऊक नाही. कोयत्याची जात तुझी!"

मोजता मोजता पानं पाच हजार कमी भरली. नगरात एकच बेल न मोडता उभा होता, म्हाळसेचा. त्यावर लिंबाएवढी हिरवी फळं धरली होती.

पहिल्यानं शिपाई आला. "छाटणारणी, दार उघड. राणीसाहेबांना बेल हवा."

"दार उघडंच आहे. आकडी बाहेर ठेव, आत ये, पानं खूड."

"काटे कोण टोचून घेणार?"

"नवस ज्याचा, काटे त्याचे." शिपाई चडफडत गेला.

दुसऱ्यानं पुरोहित आला. "बाई, देवाच्या कामात आडवी येऊ नकोस. नरकात जाशील."

"भटजीबुवा, देवाला पान लागतं, झाडाचा हात लागत नाही. वाहिलेलं बेलपान धुऊन पुन्हा वाहता येतं, असं पोथीत आहे ना?"

"आहे."

"मग पाच हजार धुऊन घ्या."

पुरोहित कानकोंडा झाला. हळूच म्हणाला, "राणीच्या नवसाला धुतलेली पानं? लोक काय म्हणतील?"

"म्हणजे अडलंय लोकांचं, देवाचं नाही." पुरोहितही गेला.

तिसऱ्यानं राणी स्वतः आली. मेण्यातून उतरली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. म्हणाली, "म्हाळसे, माझा नवरा मरतो आहे. तुला झाड मोठं वाटतं?"

म्हाळसा म्हणाली, "राणीसाहेब, माझाही गेला. ते दुःख मला शिकवू नका. मी या बोटांनी पानं खुडते, सांजेपर्यंत खुडते, निघतील तितकी न्या. फांदी मोडू देणार नाही."

"तितक्यानं भरत नाही. आज शेवटचा सोमवार. हो म्हण."

"नाही."

"राणी सांगते आहे. हो म्हण."

"नाही."

"तुझी हत्यारं काढून घेईन. या नगरात कुणी तुला परसात पाऊल टाकू देणार नाही. आता तरी हो म्हण."

म्हाळसेनं कमरेचा कोयता सोडला. खांद्यावरची करवत उतरवली. दोन्ही उंबऱ्यावर ठेवली. म्हणाली, "ही न्या. देवानं विचारलं तर सांगा, छाटणारणीनं नाही म्हटलं. पाप माझ्या माथी."

राणीनं हत्यारं नेली. पानं धुऊन लाखोली पुरी केली. दवंडी पिटली. तेव्हापासून म्हाळसेला कुणी बोलावीना. ती दुसऱ्यांची धुणी धुई, दळण दळी, कोंड्याची भाकर खाई. वाणीण कुंपणावरून विचारी, "काय गं, झाड जेवायला वाढतं का?" म्हाळसा म्हणे, "सावली वाढतं. तुमच्याकडे आहे का?"

भाद्रपद आला. सोललेल्या खोडांत पाऊस मुरला. आश्विन आला. जखमा काळ्या पडल्या, त्यांत मुंग्यांनी घरं केली. कार्तिक आला. नगरातल्या बेलांची पानं झडली, फांद्या वाळल्या. राजा मात्र तसाच अंथरुणावर.

मग परगावचा वैद्य आला. नाडी पाहिली, पोट पाहिलं. म्हणाला, "औषध सोपं आहे. बेलाचं अर्धकच्चं फळ आणा. त्याचा गर वाळवून काढा देतो. तुमच्या नगरात तर घरोघरी बेल!"

शिपाई धावले. या परसात गेले, फळ नाही. त्या परसात गेले, फळ नाही. राजवाड्याच्या बागेत गेले, तिथे नुसता खराटा उभा. फळं आली असती, ती फांद्यांसकट श्रावणातच मोडली होती. जो देव्हारा भरण्यासाठी झाडं ओरबाडली, त्या झाडांतच औषध होतं, हे राणीला तेव्हा उमगलं.

मग राणी उठली. मेणा नाही, छत्र नाही, पायी चालत म्हाळसेच्या दारी आली. बेल हिरवागार, फळं मुठीहून मोठी. राणीनं झाडाकडे पाहिलं. म्हणाली, "तुझी अट सांग."

"आजाऱ्याच्या औषधाला अट घालायची नसते," म्हाळसा म्हणाली. झाडावर चढली, एकवीस फळं उतरवली, राणीच्या ओटीत घातली. "आधी जा. औषधाला उशीर होता कामा नये."

राजानं काढा घेतला. सात दिवसांनी भूक लागली, महिन्यानं उठून बसला. मग राणी करवत-कोयता चांदीच्या तबकात घेऊन आली. मागोमाग सारं नगर आलं. राणी म्हणाली, "म्हाळसे, राजवाड्याच्या बागेची अधिकारीण हो. वाडा देते, पालखी देते."

म्हाळसेनं हत्यारं उचलली, धारेवरून अंगठा फिरवला. "गंज चढवलात," म्हणाली. "वाडा नको, पालखी नको. झाडापाशी मी नाही म्हटलं, की ते नाहीच असावं. राणीनं म्हटलं तरी, पुरोहितानं म्हटलं तरी. एवढं सर्वांदेखत कबूल करा."

"कबूल," राणी म्हणाली.

"मग शिडी धरा. काम पुष्कळ आहे."

राणीनं शिडी धरली. म्हाळसेनं प्रत्येक बेलाला तीन फेरे घातले, मोडलेले खुंट तीन घावांनी गळ्याशी उतरवले, सोललेल्या सालीच्या चिंध्या नीट तासल्या. काही झाडं वाचली, काही गेली. गेलेल्यांच्या मालकिणींना तिनं खोटी आशा दिली नाही. वाणिणीचा बेल वाचला. वाणीण ताक घेऊन आली, म्हणाली, "कोयत्याची जात म्हटलं होतं गं तुला." म्हाळसा म्हणाली, "खरंच म्हटलंत. ताक आणा इकडे."

चैत्रात पालवी फुटली. पुढे श्रावण आला, सोमवार आला. राणी पिंडीपुढे बसली आणि तीन दळांचं एकच पान वाहिलं. पुरोहित म्हणाला, "राणीसाहेब, एकच?"

राणीनं आपलं बोट पुढे केलं. टोकावर काट्यानं काढलेला रक्ताचा थेंब होता. म्हणाली, "एकच. पण खुडून आणलं आहे, मोडून नाही."

जसं बिल्वदेवानं म्हाळसेचं 'नाही' राखलं, तसं तुमचं आमचं राखो. जसा तिचा बेल फळला, तसा तुमच्या परसात फळो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरीं उतरवली, गळा राखून उतरवली, सुफळ संपूर्ण.