वेळवटचा ठिपका

“म्हणजे ते वटवाघूळ आता उरलंच नाही म्हणतोस?”

शेजवलकर बाईंनी नकाशावरची नजर न काढता विचारलं.

“नाहीच उरलं, बाई.”

अभिरामला स्वतःबद्दल खात्री होती, आणि का नसावी? संग्रहालयांमागून संग्रहालयं त्याने पालथी घातली होती. नमुन्यांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठ्या वाचून, जी जात जिथे सापडली तिथे नकाशावर ठिपका दिला होता. घोडं अडलं होतं ते एकाच ठिपक्यापाशी. वेळवटच्या गुहेतल्या या जातीचा साऱ्या जगात एकच नमुना, आणि तो बाईंनी तरुणपणी आणलेला. ती नामशेष झाली असं छापायचं तर बाईंची सही हवी होती.

म्हणून तर तो संग्रहालयाच्या मागच्या या खोलीत आला होता. बाईंच्या हाताखालचं शिक्षण संपल्यावर पहिल्यांदाच.

निवृत्त होऊनही बाई रोज इथे येत, बरण्यांतलं आटलेलं स्पिरिट भरत. त्यांनी वेळवटची बरणी काढून टेबलावर ठेवली. आत ते इवलंसं जनावर पंख मिटून पडलं होतं.

“कशावरून उरलं नाही?”

“तुमच्यानंतर कुणालाच सापडलं नाही. असतं तर कुणीतरी आणलंच असतं की.”

“तू गेलास वेळवटला?”

“नाही...”

“मग कोण गेलं?”

अभिराम घुटमळला. “तिथे रस्ता नाही, बाई. इतक्या आडबाजूला कोण जाणार...”

बाईंनी थर्मासमधला चहा आपल्या कपात ओतला. मग फडताळात हात घालून मागचा दुसरा कप शोधून काढला. त्यावर धुळीचा थर होता. पदराने तो कितीतरी वेळ त्या पुसत राहिल्या.

खोलीत खुर्ची एकच होती. आपण मघापासून उभेच आहोत, हे अभिरामच्या आत्ता कुठे ध्यानात आलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“यायचं राहूनच गेलं, बाई...”

“राहतं रे.”

त्यांनी चहा त्याच्यापुढे सरकवला आणि पेनासाठी हात पुढे केला. सही करतात बहुतेक, म्हणून त्याने घाईघाईने पेन दिलं.

बाईंनी त्याचं टोपण काढलं, आणि पेन परत त्याच्याच हातात ठेवलं.

“लिही, नामशेष. आणि हातासरशी माझ्याही नावापुढे तेच लिही.”