वीस गोळ्यांची वाटणी

सन २००९. वैशाख वद्य षष्ठी. मठाच्या आडाचे पाणी तळाला गेले होते.

"गोळ्या किती होत्या?" महंतांनी विचारले.

"वीस," केदारपुरी म्हणाला. मठात औषधपाणी तोच बघायचा.

"कोणासाठी?"

"सुखदेवबाबांसाठी. रोज दोन, दहा दिवस."

"त्याने खाल्ल्या किती?"

"चार."

सुखदेव मठाचा आचारी. तालुक्याच्या दवाखान्यात तो तापाने बरळत पडला होता. तीच गोळी आता त्याला लागू पडत नव्हती.

"बाकीच्या?"

"ताप पाच जणांना होता महाराज. प्रत्येकी चार दिल्या. मठात आलेली वस्तू सारखी वाटायची, हा आपला नियम." केदारने मान ताठ केली. "मी स्वतः एकही घेतली नाही."

"तुला ताप होता?"

"नाही."

"मग मोठाच त्याग केलास."

...

"पण दोन दिवसांत सगळ्यांना उतार पडला होता, महाराज."

"आणि आठव्या दिवशी?"

"पुन्हा चढला. पण मला वाटलं..."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांग. तुझं नको."

"म्हणाल्या, टायफॉईडचे जंतू आहेत. थोड्या गोळ्यांनी कच्चे मेले, चिवट उरले. उरले तेच वाढले. त्यांच्यावर ती गोळी आता चालत नाही. रक्त तपासायला पाठवलंय. कोणतं औषध चालेल ते तीन दिवसांनी कळेल. तोवर अंदाजाने दुसरं इंजेक्शन सुरू केलंय."

"तीन दिवस निघतील?"

"...सांगता येत नाही म्हणाल्या."

महंत उठले. चुलीजवळचा कोयता घेतला. आडावर गेले. रहाटावरचा दोर उतरवला. दहा वाव लांब होता.

त्यांनी तो पाच भागांत सारखा वाटला. कोयत्याने.

"अहो महाराज! मठात दोर एकच आहे!"

"म्हणून तर वाटतोय. हे घे. मोजून घे. कमीजास्त झालं तर मला बोल लावशील."

पाच तुकडे त्यांनी केदारच्या अंगावर टाकले.

"आत चौघे आजारी तहानलेत. पाणी काढ."

केदारने एका तुकड्याला घागर बांधली. आडात सोडली. घागर मधेच लोंबकळली. खाली पाणी दिसत होते.

त्याने घागर वर घेतली. मग खाली बसला आणि तुकड्यांना गाठी मारू लागला.

"गाठी रहाटात अडकतील," महंत म्हणाले.

"हाताने ओढतो."

"ओढ. पाणी उकळून पाज. मग चौघांना टमटममध्ये घाल. त्यांचंही रक्त तपासू दे. आणि ऐक... सुखदेवाच्या सोळा गोळ्या तू देणं लागतोस."

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तपासणीचा कागद आला. औषध बदलले. केदार खाटेपासून हलला नाही. नर्सबाईला इंजेक्शनची वेळ तोच आठवण करून द्यायचा. ती म्हणाली, "बुवा, घड्याळ गिळलंय का तुम्ही?"

पाचव्या दिवशी सुखदेवने त्याला नावाने हाक मारली.

पुढे सुखदेव मठात आल्यावर त्याला नव्या गोळ्या सुरू झाल्या. त्या केदारने आपल्या कमरेला बांधल्या.

गावातला काशिनाथ आला. "बायकोला ताप आहे. त्यातल्या दोन द्या की."

"नाही."

"मठवाले कधीपासून एवढे चिक्कू झाले?"

केदारने चपला घातल्या. काशिनाथच्या बायकोला दवाखान्यात नेऊन दाखवले. गोळी दिली नाही.

...

शेवटच्या दिवशी एक गोळी उरली. सुखदेव चुलीपुढे भाकऱ्या थापत होता. केदारने गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आता कशाला रे? आठ दिवस झाले, ताप नाही. चार वेळा जेवतोय मी. कोणा गरिबाला होईल ती."

केदार हात मागे घेईना.

"महाराज, तुम्ही तरी सांगा याला!" सुखदेव ओरडला.

महंत जपमाळ थांबवून म्हणाले,

"तोंड उघड."