कौतिकाबाईची सिस्टीम

“माझं कुणी म्हणजे कुणी खरं मानलं नाही, बुवा. नवऱ्यानं नाही, पोटच्या पोरानं नाही. आता तुम्ही तरी सांगा, सिस्टीम बदलू का नको?”

कौतिकाबाई मठीच्या पायऱ्या चढून आली ती हे विचारतच आली. पाया पडली नाही, बसली नाही. कडेवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि धाप लागून तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

लहानूबुवा धुनीपाशी बसून गोवरी मोडत होते. त्यांनी चादरीकडे पाहिलं.

“काय गं, नातू झाला का?”

“कॉम्प्युटर आहे.”

बुवांनी गोवरी खाली ठेवली.

“एवढ्या पायऱ्या घेऊन चढलीस?”

“मग काय करू? घरी ठेवला तर माझ्या पाठीमागं बदलून टाकतील.”

कौतिकाबाई लग्नं जुळवायची. शिक्षण चौथी, आणि तोंड असं की मुलाच्या आईला समोरासमोर सांगायची, टोपी घालून फोटो काढला म्हणून टक्कल लपत नाही, दुसरा आण. लोक चिडायचे आणि पुन्हा तिच्याकडेच यायचे, कारण ती खोटं स्थळ दाखवत नसे. आधी तिच्या वह्या होत्या. मग घरात कॉम्प्युटर आला आणि सगळी स्थळं त्यात गेली. फोटो, पत्रिका, उंची, नोकरी. कॉम्प्युटर घराचा होता, पण त्याच्यापुढची खुर्ची तिची होती.

“खोकंच आणलंस. ते बघायचं कुठंय?” बुवांनी विचारलं.

“पडदा घरी. जीव यात असतो.”

“काय होतंय जिवाला?”

“चालता चालता मरतं. मुलीकडचे समोर बसलेले असावेत, मुलाचा फोटो काढावा, आणि पडदा काळा. पुन्हा लावावं. दहा मिनिटं चालतं. पुन्हा काळा. लोक माझ्या तोंडाकडे बघतात.”

“घरचे काय म्हणतात?”

“म्हणतात, सिस्टीम जुनी झाली.”

“सिस्टीम म्हणजे काय गं?”

ती जरा अडली. “म्हणजे... खोकं तेच, आतला कारभार दुसरा. चित्रं दुसरी, नावं दुसरी, दाबायचं दुसरीकडे. सुनेनं काढलेलं खूळ आहे. दुसरी सिस्टीम हलकी असते म्हणे, जुन्या मशिनला झेपते. नवरा म्हणाला, टाका. पोरगा, दिगंबर, म्हणाला, टाका. मी म्हणाले, सिस्टीमला धाड भरलेली नाही. हे कुणीतरी करतंय. तर मलाच हसले.”

“मी नाही हसत,” बुवा म्हणाले. “कुणीतरी करतंय.”

कौतिकाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. चार दिवसांत तिचं खरं मानणारं हे पहिलं माणूस होतं. तिनं खोकं जमिनीवर टेकवलं आणि मग स्वतः टेकली.

“कोण करतंय?” बुवांनी विचारलं.

“प्रांजल.”

“म्हणजे?”

“सून माझी.”

...

“बदल नको का म्हणतेस? बदलून बघ की.”

“पुरावा जाईल.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

बुवा गोवरी मोडायला लागले. एक मोडली, दुसरी मोडली. धूर तिच्याकडे आला तरी ती हलली नाही.

“चौथी शिकलेय मी, बुवा,” शेवटी ती म्हणाली. आवाज आता खाली आला होता. “या सिस्टीमवर कुठं काय आहे ते मी पाठ केलंय. खाली कोपऱ्यात दाबायचं, मग पिवळं पाकीट, मग मुलं वेगळी, मुली वेगळ्या. दोन वर्षं लागली मला. शिकलेल्या बायका येऊन माझ्यासमोर बसतात आणि मी त्यांना पडद्यावर दाखवते. नवी सिस्टीम आली की सून शिकलेली, आणि मी परत चौथी.”

“हं.”

“हे घरी बोलले नाही मी.”

“नको बोलूस. प्रांजलनं काय केलं ते सांग.”

हे सांगताना तिला पुन्हा जोर आला. तिनं पदराची गाठ सोडली आणि बोटाएवढा पेनड्राइव्ह बुवांसमोर धरला.

“हा तिच्या पर्समध्ये सापडला. माझी सगळीच्या सगळी स्थळं हिनं यात काढून घेतलीत.”

“कशाला?”

“म्हणते, आई, मशीन कधी पुरतं बंद पडेल सांगता येत नाही, तुमची स्थळं जायला नकोत.”

“मग?”

“मग काय? चोर दुसरं काय म्हणणार?”

बुवा हसले नाहीत. म्हणून तिलाच जरा कसंतरी झालं.

“मशीन बिघडलं कधीपासून?”

“दिगंबरचं लग्न झालं तेव्हापासून. हिचं पाऊल घरात पडलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा पडदा काळा झाला. मी तारखेनिशी सांगते.”

“तिला काय बोललीस?”

तिनं पेनड्राइव्ह जमिनीवर ठेवला.

“कौतिका, काय बोललीस?”

“पायगुण बोलले.”

“एकटीला?”

“मुलीकडचे बसले होते. पाच माणसं. पडदा काळा झाला आणि माझ्या तोंडून गेलं. ज्या दिवसापासून ही घरात आली...”

पुढचं तिनं सांगितलं नाही. पण झालं ते असं. प्रांजल पाहुण्यांसाठी चहा घेऊन आली होती. तिनं ट्रे खाली ठेवला, प्रत्येकाच्या हातात कप दिला, सासूच्याही दिला. मग आत जाऊन बॅग भरली आणि माहेरी गेली. रडली नाही, भांडली नाही. ती भांडली असती तर कौतिकाबाई जिंकली असती. आता जिंकायला समोर कुणी नव्हतं.

“चार दिवस झाले,” ती म्हणाली. “दिगंबर माझ्याशी बोलत नाही. काल एकच वाक्य बोलला. आई, कुणीतरी करतंय म्हणतेस ना, मग नाव सांग आणि दाखवून दे, नाहीतर मी पण तिकडेच राहायला जातो. आज संध्याकाळी तिचे वडील येणार आहेत. माझ्या घरात, माझ्यासमोर बसून विचारणार आहेत.”

“म्हणून आलीस.”

“म्हणून आले. तुम्ही खोक्यावर हात ठेवा आणि सांगा. तुमचं नाव घेतलं की कुणाची बोलायची टाप नाही.”

बुवांनी हात ठेवला नाही. खोक्याकडे बघत बसले.

“तू काय केलंस याच्यासाठी?”

“मी?” कौतिकाबाईला हा प्रश्नच लागला. “माझ्याइतकं कुणी केलं नसेल. सकाळी आंघोळ झाली की आधी देव, मग हा. हळदीकुंकू, फूल. आणि तुमची उदी.”

“कुठं लावतेस?”

“माथ्यावर. तिथं बारीक जाळी आहे बघा. चिमूटभर ठेवायची, हात जोडायचे.”

“पुसतेस कधी?”

“पुसायची वेळच येत नाही.” ती पुढं सरकली. घरात कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगावी तसा तिचा आवाज झाला. “देवाच्या माथ्यावरची उदी दुसऱ्या दिवशी तशीच असते, बुवा. हे घेतं. सकाळी ठेवलेली संध्याकाळी बघावी तर कण नाही. माझ्या अंगावर काटा यायचा. म्हटलं, आपल्या हातचं काहीतरी पोचतंय.”

गोवरी मोडता मोडता बुवांचा हात तसाच राहिला.

“कधीपासून ठेवतेस?”

“दिगंबरच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. याच मशिनमधून प्रांजलचं स्थळ काढलं होतं मी. शंभर मुली बघितल्या असतील, तिच्यावर येऊन बोट थांबलं. अशी सून मिळाली म्हणून रोज एक चिमूट, असं मनाशी धरलं.”

“आणि बिघडायला लागल्यावर?”

“दोन चिमटी. मग सकाळ संध्याकाळ. गेल्या महिन्यात तर पुडीच रिकामी करत होते.”

...

“चादर काढ,” बुवा म्हणाले.

तिनं काढली. बुवांनी धुनीतला चिमटा घेतला, टोक धोतराला पुसलं आणि खोक्याच्या मागच्या स्क्रूला लावलं.

कौतिकाबाईनं त्यांचा हात धरला. मठीत आजवर असं कुणी केलं नसेल.

“उघडू नका. पुजलेलं आहे. प्रांजल पण हेच म्हणत होती, आई, एकदा उघडून बघू, आतला पंखा अडकतोय बहुतेक. मी तिला बोट लावू दिलं नाही.”

“हात सोड.”

तिनं सोडला.

दोन स्क्रू निघाले. तिसरा अडला. बुवांनी बाजूचा पत्रा धरून ओढला तेव्हा तो करकरत निघाला.

आत काही दिसेना. तारा असतील, पंखा असेल, पण सगळं एकाच रंगाचं झालं होतं. बुवांनी दोन्ही हातांनी खोकं उचललं आणि हळूच तिरकं केलं.

आधी थोडी पडली. मग पडतच राहिली.

सारवलेल्या जमिनीवर राखेचा ढीग झाला. पसाभर, मग त्याहून जास्त. खोक्याला आणखी तिरकं केलं तशी कुठल्याशा सांदीतून एक ढेकूळ सुटून धपकन पडलं, आणि त्यावर कुंकवाचा लाल डाग होता.

कौतिकाबाई बघत राहिली. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून शब्द येत नव्हता. गावातल्या कुणी तिला असं पाहिलं असतं तर त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नसता.

बुवांनी आत बोट घालून पंखा फिरवला. फिरला नाही. फुंकर मारली, पुन्हा फिरवला. खर्र खर्र करत अर्धा फेरा घेऊन थांबला. तिसऱ्यांदा मात्र गिरकी घेतली.

त्यांनी ढिगातली चिमूट उचलून नाकाशी नेली.

“कापूर,” ते म्हणाले. “माझीच आहे.”

...

कौतिकाबाईनं हात पुढं करून राखेला बोट लावलं, आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं. थंडच होती ती.

“तिनं सांगितलं होतं,” ती म्हणाली. “पंखा, म्हणाली होती. मी तिला म्हटलं, मला शिकवू नकोस.”

बुवांनी चिमूट पुन्हा ढिगात टाकली.

“चहा देऊन गेली हो ती. मला पण दिला.”

तिनं पेनड्राइव्ह उचलला, पदरात बांधायला गेली, पण गाठ बसेना. मग मुठीतच धरला.

“सिस्टीमचं काय करू?”

“प्रांजलला विचार. ती म्हणेल ते कर.”

“ती म्हणेल बदला.”

“मग बदल. आणि तिच्याकडून शीक.”

“या वयात?”

“तुला दोन वर्षं लागली होती. आता शिकवणारी आहे. एकात होईल.”

कौतिकाबाई उठली. चादर झटकली. पदर खोचला. माणूस हादरलं तरी त्याची चाल लगेच जात नाही.

“ठीक आहे. दिगंबर म्हणाला ना, नाव सांग, तर सांगते. तिच्या वडिलांसमोर उभी राहते आणि सांगते, कौतिकानं केलं. कोण काय बोलतं ते बघते.”

हे पण तिनं असं म्हटलं की जणू दुसऱ्या कुणाला फैलावर घेत होती.

“तुझं नाव नको,” बुवा म्हणाले.

“का? राख कुणी घातली? मीच ना?”

“दर गुरुवारी येऊन पुड्या न्यायचीस. किती?”

“आधी एक. मग तीन. आता सात.”

“मी एकदा तरी विचारलं, कुणासाठी नेतेस?”

तिनं आठवून बघितलं. वर्षभराचे गुरुवार. ती हात पुढं करायची, बुवा हातावर पुड्या ठेवायचे. तिच्यामागं आणखी वीस हात असायचे.

“नाही,” ती म्हणाली.

“सात पुड्या मागितल्यास तेव्हा विचारलं, घरात एवढं काय झालंय?”

“नाही विचारलं.”

“लावतेस कुठं, ते?”

“आज विचारलंत.”

बुवा उठले. कोपऱ्यातली पाण्याची घागर त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. कौतिकाबाईला वाटलं, हात धुतील, जमीन सारवून घेतील.

त्यांनी घागर धुनीवर ओतली.

मोठ्ठा फस्स आवाज झाला. वाफ आणि राख एकदम वर आली, मठी पांढरी झाली. चाळीस वर्षं ही धुनी विझली नव्हती. ज्या साली विहिरी आटल्या त्या सालीही लोकांनी डोक्यावरून गोवऱ्या आणून ती पेटती ठेवली होती. कौतिकाबाईच्या लग्नाआधीपासूनची आग ती, आणि आता तिथं काळा चिखल होता.

ती भिंतीला टेकली. खोक्याचं जेवढं नवल वाटलं होतं ते या नवलापुढं काहीच नव्हतं.

“बुवा... हे काय केलंत? गुरुवारी लोक येतील. हात पुढं करतील.”

“विचारीन त्यांना, काय झालंय.”

“आणि मी? संध्याकाळी ते विचारतील, कुणी केलं. पोरगं विचारेल. तुमचं नाव मी कसं घेऊ? माझी जीभ झडेल. लहानूबुवांनी केलं असं म्हणू?”

बुवांनी रिकामी घागर पालथी ठेवली. ओले हात धोतराला पुसले.

“बुवा नको म्हणूस,” ते म्हणाले. “नुसतं म्हण... लहानू.”